तिथीची पाऊणपट

त्यांच्या घरात दुपारचं जेवण रोज पन्नास मिनिटांनी पुढे सरकायचं. सोमवारी बारा वाजता जेवलो, तर मंगळवारी बारा पन्नासला, बुधवारी एक चाळीसला, आणि शनिवारी ते दुपारचं जेवण थेट संध्याकाळच्या चहावर जाऊन आदळायचं. घरमालक भूक लागली म्हणून जेवत नसत. खालच्या बंदरात भरती आली, की जेवत.

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ते लहानसं गाव. त्याच्या नावात इतकी व्यंजनं एकापुढे एक उभी होती की मला ते नीट म्हणायला दोन महिने लागले, तेव्हा ते इथे लिहून तुमची परीक्षा बघत नाही. रत्नागिरीहून मी तिथे अन्नप्रक्रिया शिकायला गेले होते. आमच्याकडे आंब्याचा रस डब्यात भरणारे सगळेच असतात, पण तो भरायचं शिकायला सात समुद्र ओलांडणारी आमच्या वाडीत मीच पहिली. कॉलेज शेजारच्या शहरात होतं आणि खोली या म्हातारबुवांकडे.

म्हातारबुवांनी चाळीस वर्षं बंदरातला गाळ उपसणारी बोट चालवली होती. तिथलं पाणी आपल्या तिप्पट-चौपट चढतं आणि तितकंच उतरतं. सकाळी धक्क्याला डुलणारी होडी दुपारी चिखलात पोट टेकून बसलेली दिसते. साहजिकच त्यांची कामावर जायची वेळ रोज निराळी. निवृत्त झाल्यावर माणसं एकदाची घड्याळ काढून ठेवतात. यांनी घरातली बाकी सगळी घड्याळं काढून टाकली आणि स्वयंपाकघरात एकच ठेवलं, ते भरतीचं. त्याला एकच काटा. वर लिहिलेलं ‘भरती’, खाली ‘ओहोटी’, आणि आकडे अजिबात नाहीत. किती वाजले असं त्या घरात कुणी विचारत नसे. “अजून किती पाणी आहे?” असं विचारायचं.

आणि नियम तरी किती! आंघोळ पाणी चढत असताना. नखं कापणं, कचरा टाकणं, भांडण, ही सगळी ओहोटीची कामं. पत्र पेटीत टाकायचं ते चढत्या पाण्यात. तोवर ते कोटाच्या खिशात. गावातल्या दंतवैद्याला त्यांनी बजावून ठेवलं होतं, दात काढायचा तर ओहोटीला आणि नवा बसवायचा तर भरतीला. तो बिचारा दंतवैद्यही त्यांना तशाच वेळा द्यायचा. मी काहीही विचारलं, “कपडे बाहेर वाळत घालू का?”, “खिडकी उघडू का?”, तरी उत्तर एकच: “पाण्याला विचारलंस का?”

त्या घरात मला खोली कशी मिळाली तेही सांगायला हवं. खोलीसाठी माझ्याआधी तिघं येऊन गेले होते आणि तिघांनाही त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. मी बॅग सांभाळत उभी. भाडं नाही, शिक्षण नाही, सिगरेट ओढतेस का नाही. त्यांनी विचारलं, “तुझ्या घरातून समुद्र दिसतो?”

“दिसतो.”

“आत्ता या क्षणी तिथे भरती आहे की ओहोटी?”

आता माझे वडील मिरकरवाड्यातले तांडेल. म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचे कप्तान. हा प्रश्न मला पाळण्यात असल्यापासून विचारला जातोय. आमच्याकडे याचं गणित सोपं असतं. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. त्या दिवशी आईनं सकाळीच फोनवर सांगितलं होतं, एकादशी आहे, बाहेर काहीबाही खाऊ नकोस. अकराची पाऊणपट सव्वाआठ, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. तिकडे दुपारचे अडीच वाजले असणार. मी म्हटलं, “पुरी ओहोटी. होड्या चिखलात बसल्या असतील.”

म्हातारबुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “कसं कळलं?”

“ते आमच्या घरचं गुपित आहे.”

“मग ठेव तुझ्याकडेच,” ते म्हणाले आणि माझी बॅग उचलून जिना चढू लागले. बाबा काय करतात ते कळलं त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘कप्तानाची लेक’ झाले. माझं खरं नाव त्यांनी वर्षभरात एकदाही घेतलं नाही.

किती मजेत गेलं ते वर्ष! मी बांगडे तळायला घेतले की धुराची घंटा ठणाणा करायची आणि म्हातारबुवा हातात पातेल्याचं झाकण घेऊन तिला वारा घालत उभे राहायचे. वारा घालता घालता तळलेले दोन तुकडे तोंडात. आईनं पाठवलेली आंबापोळी त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बुटाचा तळवा समजून उजेडाकडे धरली. महिन्याभरात मात्र मला ती उशीखाली लपवून ठेवावी लागली. दर रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल यायचा. बाबांना इंग्रजी येत नाही, म्हातारबुवांना मराठी येत नाही, तरी दोघं अर्धा अर्धा तास बोलायचे. एक हात वर करायचा, दुसरा खाली करायचा, मग दोघंही मान डोलवायचे. फोन ठेवल्यावर बाबा मला म्हणायचे, “बरा मानूस हाय गो. पान्यातला हाय.”

त्या घरात एकच गोष्ट उदास होती, ती म्हणजे त्यांची लेक. माणूस म्हणून ती चांगली होती. उदास वाटायचं ते तिचं येणं. समुद्रापासून लांब कुठल्याशा मोठ्या शहरात ती मोठ्या हुद्द्यावर होती. वय पन्नाशीचं. दोन-तीन महिन्यांतून एकदा यायची, बरोबर एक तास थांबायची. त्या तासात फ्रीज उघडून बघायची, औषधं मोजायची, आणि कोट न काढता निघून जायची. ती गेल्यावर म्हातारबुवा भरती असो की ओहोटी, नुसते बसून राहायचे.

मे महिन्यात तिचा मला ईमेल आला. पुढच्या रविवारी अकराला येते, बाराला निघायचं आहे. माझ्या बाबांना आमच्या शहरातल्या वृद्धाश्रमात हलवायचं ठरवते आहे, अर्ज बरोबर आणते, सही घेते. तू त्यांच्याबरोबर राहतेस, खरं सांग, ते वेळेवर जेवतात का?

आता याचं काय उत्तर द्यायचं? वेळेवर तर जेवत होते, पण कुणाच्या वेळेवर! मी लिहिलं, “अगदी न चुकता.” मग म्हातारबुवांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, “तिच्या शहरात समुद्र नाही.” आणि उठून नखं कापायला गेले. ओहोटी होती.

आणि याच आठवड्यात मी शेण खाल्लं.

शुक्रवारी संध्याकाळी माझा प्रकल्प चालला होता, संत्र्याचा मुरंबा. ऐन साखर मोजताना माझ्या छोट्या वजनकाट्याचा सेल संपला. समोर भिंतीवर घड्याळ. म्हटलं, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. सेल काढला, साखर मोजली, मुरंबा केला, बरण्या भरल्या आणि त्या आनंदात सेल विसरले. शनिवारी सकाळी नऊला खाली येते तर भरतीचं घड्याळ ठप्प. म्हातारबुवा धक्क्यावर फेरी मारायला गेलेले, केव्हाही परतणार. सेल घातला, पण काटा लावायचा कुठे?

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर बघायचं. बरोबर आहे. शाळकरी पोरानंही तेच केलं असतं. पण तांडेलाच्या मुलीनं भरतीची वेळ मोबाइलला विचारायची? मी सरळ बाबांना फोन लावला. ते जेवून आडवे झाले होते.

“बाबा, आज तिथी कुठली?”

“चतुर्दशी. का गो?”

“म्हणजे चौदाची पाऊणपट साडेदहा. इथेही साडेदहालाच भरती ना?”

“मंग? समुद्र काय दोन हायत? पानी सगल्यांचा एकच. लाव साडेधा.”

मी साडेदहा लावले. म्हातारबुवा साडेनवाला आले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खिडकीबाहेर. “घड्याळ पुसलंस वाटतं,” ते म्हणाले.

“हो, जरा धूळ होती.”

“छान दिसतंय,” असं म्हणून ते चहा प्यायले, आणि साडेदहाला त्या घड्याळाप्रमाणे निमूटपणे जेवले. मी सुटकेचा नि:श्वास टाकला. बाबांचा मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

रविवारी लेक आली. कोट अंगात, बॅगेत अर्ज. ती खुर्चीवर बसायच्या आधीच म्हातारबुवा म्हणाले, “सही करतो. पण आधी होडीतून एक फेरी. अर्धा तास. आज पौर्णिमा, सव्वाअकराची भरती.” त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. काटा वर, अगदी ‘भरती’वर. लेकीनं मनगटावर पाहिलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाली, “अर्धाच तास.” मलाही त्यांनी हाताला धरून नेलं. मोठी वेताची टोपली मात्र मला उचलू दिली नाही.

धक्क्यावर पोचल्यावर मला जरा चुकल्यासारखं वाटलं. भरतीच्या मानानं पायऱ्या फारच दिसत होत्या. हिरव्या, बुळबुळीत, खाली खाली गेलेल्या. पण बाबांचं गणित चुकणं शक्यच नव्हतं, तेव्हा धक्काच उंच बांधलेला असणार असं मी मनाशी ठरवलं. म्हातारबुवा पायऱ्या उतरले, होडीचं इंजिन सुरू केलं, आणि आम्ही बंदराच्या मधोमध निघालो.

वीस मिनिटांत होडीनं खालून ‘खर्रर्र’ असा आवाज केला आणि ती थांबली. म्हातारबुवांनी इंजिन बंद केलं. आमच्या दोन्ही बाजूंनी पाणी चाललं होतं, निवांत, समुद्राकडे. बघता बघता चारी बाजूंना चिखल उघडा पडला. तपकिरी, चकचकीत, मैलभर चिखल, आणि मधे एका होडीत आम्ही तिघं.

“हे काय?” लेक म्हणाली.

“ओहोटी,” म्हातारबुवा म्हणाले.

“पुन्हा पाणी कधी येईल?”

“तीन, सव्वातीन.”

यानंतर ती जे बोलली ते इंग्रजीतच राहू दे. तिनं कुठे कुठे फोन लावले, पण त्या चिखलात बोट येईना आणि माणूस चालेना. मी होडीच्या टोकाला अंग चोरून बसले होते. कान तापले होते. ही माझी चूक. म्हातारबुवांचं घर गेलं ते माझ्या मुरंब्यापायी. आता ही बाई म्हणणार, यांना भरती-ओहोटीही कळेनाशी झाली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रविवार ना! बाबांचा व्हिडिओ कॉल.

“काय गो, लागली काय भरती बरोबर?”

मी फोन फिरवून दाखवला. चिखल. आणखी चिखल. एक बगळ्यासारखा पक्षी. पुन्हा चिखल. बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग बाबा म्हणाले, “चिखल बरा हाय गो. कालवां गावतील.”

मला आधी हसू आलं की रडू ते आठवत नाही. मी हसतेय हे बघून म्हातारबुवा हसले, आणि बाबा काय म्हणाले ते मी त्यांना इंग्रजीत सांगितल्यावर लेकीच्याही तोंडाचा कोपरा हलला. “इथे शिंपल्या मिळायच्या,” ती म्हणाली. “मी लहान असताना.” तिनं बूट काढले. मोजे काढले. शेवटी एकदाचा तो कोटही काढला. होडीच्या कडेवरून पाय खाली सोडला, पोटरीपर्यंत रुतली आणि दुसऱ्याच पावलाला फतकन चिखलात बसली. म्हातारबुवा इतके हसले की त्यांना खोकला लागला. तिनं मूठभर चिखल उचलून नेम धरला आणि बापाला मारला. नेम उत्तम होता.

त्यानंतर त्या बंदरात जे झालं त्याला मोठ्या माणसांत काही नाव नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बाप, पन्नाशीची लेक आणि रत्नागिरीची मी, तिघंही गुडघाभर चिखलात. शिंपल्या काढतोय, एकमेकांना फासतोय, पडतोय, उठतोय. दमल्यावर होडीत चढून टोपली उघडली. चहाचा थर्मास, सँडविचचा ढीग, तीन पांघरुणं, आणि पत्त्यांचा जोड. मी खिशातली आंबापोळी काढली. लेकीनं ती उजेडाकडे धरली, अगदी बापासारखी. मग पत्ते खेळलो. ती दोघं बोलत होती, मी ऐकत होते. तिची आई कशी हसायची. ती गेल्यावर दोघांनीही एकमेकांना फोन का केला नाही. वेळ भरपूर होता. कुणालाच कुठे जाता येत नव्हतं.

सव्वातीनला होडी हलली. टोपलीत चिखलानं माखलेली पांघरुणं कोंबली होती, शिंपल्या न्यायला दुसरं काही नव्हतं. लेकीनं बॅगेतून वृद्धाश्रमाचा अर्ज काढला, त्याचा पुडा केला आणि त्यात शिंपल्या बांधल्या. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही. पुढे दर पौर्णिमेच्या जवळचा रविवार तिचा ठरला, आणि मधे फोन करायची तेव्हा आधी विचारायची, “पाणी किती आहे, बाबा?”

ती गेल्यावर मी म्हातारबुवांसमोर उभी राहिले आणि सेल, मुरंबा, चतुर्दशी, सगळं कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “प्रत्येक बंदराची आपली वेळ असते,” ते म्हणाले. “तुझ्या बापाचं गणित त्याच्या बंदरापुरतं अचूक आहे. इथे पौर्णिमेची भरती सकाळी सातला.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“चाळीस वर्षं तो चिखल मी उपसलाय. तो कुठे आहे हे मला ठाऊक नसेल?”

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अर्ध्या तासाच्या फेरीला तीन पांघरुणं!

“ती तासभर येते,” म्हातारबुवा म्हणाले. “तासाभरात काय बोलणार? तू मला चार तास दिलेस.” आणि त्यांनी स्टुलावर चढून काटा नीट लावला.

मी परत आल्याला आता सहा वर्षं झाली. म्हातारबुवा अजून त्याच घरात आहेत. त्यांची पोस्टकार्डं येतात, त्यांवर तारीख नसते, ‘भरतीनंतर दोन तास’ एवढंच लिहिलेलं असतं. हा सगळा किस्सा मी रत्नागिरीत आल्या आल्या बाबांना रंगवून सांगितला होता. गणिताबद्दल बाबांनी माघार घेतली नाही. “माझा बरोबर हाय. त्यांचा बंदर उलटा हाय,” म्हणाले. मग जरा वेळानं विचारलं, “मंग ती पोरगी थांबली?”

“थांबली.”

“किती येल?”

“चार तास.”

“हूं,” बाबा म्हणाले आणि जाळं विणू लागले.

मी हल्ली पुण्याला असते. नोकरी, संसार, धावपळ. रत्नागिरीला येते ती शनिवारी रात्रीच्या गाडीनं, आणि रविवारी सकाळी दहाच्या एसटीनं परत. आई फ्रीज उघडू देत नाही, पण बाबांची औषधं मी मोजते. गेल्या महिन्यातही तशीच आले होते. रविवारी साडेसातला बाबा म्हणाले, “चल गो, खाडीत होडीनं येक फेरी मारून येव. अर्ध्या तासात परत.” मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, “अर्धाच तास हं.”

सव्वाआठला होडीनं खालून ‘खर्रर्र’ असा आवाज केला. पाणी दोन्ही बाजूंनी समुद्राकडे निघालं होतं. पन्नास वर्षं याच खाडीतून बोट काढलेल्या माझ्या वडिलांनी वल्हं आत घेतलं, डोक्याला हात लावला आणि म्हणाले, “चुकला गो गणित.”

मी तिथी मोजली. पंचमी. पाचची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दहाला पुरी ओहोटी, आणि होडी उचलायला पावणेबारा तरी वाजणार. दहाची एसटी गेलीच. बाबा मान वळवून लांब पुलाकडे बघत होते. त्यांच्या पायाशी फळीखाली एक पिशवी होती. मी ती ओढून उघडली. तांदळाच्या सहा भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि आईची छत्री.

“बाबा,” मी म्हटलं, “पत्ते आणलेत का?”

बाबांनी खिशात हात घातला.